मदत हवी आहे: महापुराबद्दल वडिलांना बोलतं करावं का?

आम्ही सांगलीत नदीकाठच्या भागात राहतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वडील (आता वय 66) दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर अडकले होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात तोच त्रास. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की झोप उडते, रात्री चार-चार वेळा उठून दारात पाणी आलंय का बघतात, मध्येच दचकून ओरडतात. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाकडे तर फिरकतच नाहीत.

डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीने झोप लागते, पण स्वप्नं थांबत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (14416) मी फोन केला. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. वडील म्हणतात, "मला वेड लागलेलं नाही." दारूचं व्यसन नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत नाहीत, बीपीची गोळी चालू आहे. पुण्याला वरचेवर जाणं जमणार नाही आणि समुपदेशक मराठी बोलणाराच हवा.

नातेवाईक म्हणतात, "सगळं बोलून टाकू दे, मन मोकळं होईल." मी एकदा खोदून विचारलं, तर आठवडाभर ते जेवणाच्या ताटावरही गप्प होते. मला फार अपराधी वाटलं. वाचलं की प्रशिक्षित व्यक्तीसोबत टप्प्याटप्प्याने बोलण्याचा उपयोग होतो, जबरदस्तीने वदवून घेण्याचा नाही.

सांगली-मिरजेत असे उपचार कुणी घेतलेत का? आणि बोलायलाच तयार नसलेल्या माणसाला पहिल्या भेटीसाठी तुम्ही कसं राजी केलंत?