नर्सेससाठी सिम्युलेशन ट्रेनिंग सुरू करायचंय, आधी काय घ्यावं? (सल्ला हवा)

धागाकर्ती:
नमस्कार. रुग्णालयातल्या नर्सिंग स्टाफच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आत्तापर्यंत वर्षातून एकदा व्याख्यान व्हायचं, स्लाइड्स दाखवायच्या, सह्या घ्यायच्या. पण वॉर्डात पेशंट अचानक कोसळला की नवीन सिस्टर जागच्या जागी थिजतात. हे सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव घेऊन, बदलायचंय. व्यवस्थापन पैसे द्यायला तयार आहे, पण त्यांचा सगळा कल एकच महागडा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घेण्याकडे आहे: श्वास घेणारा, नाडी लागणारा, बोलणारा. मला ते पटत नाही, पण का, ते नीट मांडता येत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? वॉर्ड कायम भरलेला असतो, एका वेळी फार जणींना सोडता येत नाही.

प्रतिसाद (सिम्युलेशन प्रशिक्षक):
तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. पैसा आधी शिकवणाऱ्यांवर घाला, मग पुतळ्यावर.

व्यवस्थापनाला आधार हवा असेल तर हा द्या. अमेरिकेतल्या नर्सिंग नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १० नर्सिंग संस्थांमधल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाची वॉर्डातली शिकवणी नेहमीसारखीच ठेवली, दुसऱ्याचे २५ टक्के तास सिम्युलेशनला दिले, तिसऱ्याचे तब्बल ५० टक्के. शेवटी ज्ञान, प्रत्यक्ष काम आणि परवाना परीक्षा, कशातही लक्षणीय फरक दिसला नाही. एवढं सगळे सांगतात. पण तिथल्या शिक्षकांना सिम्युलेशन घेण्याचं आणि त्यानंतरच्या डिब्रिफिंगचं (प्रसंग संपल्यावरच्या चर्चेचं) रीतसर प्रशिक्षण दिलं होतं, हे फार कमी लोक सांगतात. ते वगळलं तर नुसता मॅनिकिन आणून तसा निकाल मिळेल अशी आशा धरू नका.

डिब्रिफिंगवर मी मुद्दाम जोर देतेय, कारण शिकणं तिथे होतं. प्रसंग १० मिनिटांचा असेल तर चर्चेला २० मिनिटं ठेवा. 'तू ऑक्सिजन का लावला नाहीस?' असं विचारलं की समोरची बचावात जाते, पुढचं काही ऐकत नाही. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा, काळजी का वाटली ते सांगा आणि मग खरोखर जाणून घ्यायचंय म्हणून विचारा: 'रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरत होतं, तरी तुम्ही आधी बीपी घेतलंत हे मी पाहिलं. ऑक्सिजनला उशीर होईल अशी मला भीती वाटली. त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?' उत्तरात बहुतेक वेळा अशी गोष्ट निघते जी तुम्हाला बाहेरून कधीच दिसली नसती. ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर सापडत नव्हता, किंवा डॉक्टरांना न विचारता ऑक्सिजन लावायचा नसतो असा समज होता. उपाय त्या गोष्टीवर करायचा.

आणि प्रसंगाआधी पाच-दहा मिनिटं खोली दाखवा. पुतळ्याची नाडी कुठे लागते, काय खरं आणि काय मानून चालायचं, हे आधीच कळू द्या. नाहीतर निम्मा वेळ त्या गोंधळात जातो.

प्रतिसाद (आयसीयू इन्चार्ज):
स्टाफ सुटत नसेल तर वेगळी सिम लॅब विसरा, वॉर्डातच घ्या. रिकामा बेड, साधा पुतळा, तुमचीच क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषध-साहित्याची ट्रॉली), ड्युटीवर असलेली माणसं. १५ मिनिटांत आटपतं. वर्षातून एक दिवस राबवण्यापेक्षा दर थोड्या आठवड्यांनी एवढंच केलं तर हात तयार राहतो, कारण सीपीआरचं (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) कौशल्य काही महिन्यांतच ओसरतं. दुसरा फायदा त्याहून मोठा. सक्शनची नळी जोडाला बसत नाही, हाताने दाबून श्वास देणाऱ्या अँबू बॅगचा मास्क योग्य मापाचा नाही, बेडमागे उभं राहायला जागा नाही, हे सगळं पेशंट नसताना कळतं. ते लिहून काढा आणि कोण कधी दुरुस्त करणार तेही लिहा. रात्रपाळीला वगळू नका, तिथे माणसं सगळ्यात कमी असतात.

प्रतिसाद (प्रसूती विभाग):
वरच्या दोघींशी सहमत, पण यंत्राला सरसकट दुय्यम म्हणू नये. छाती दाबताना खोली ५ ते ६ सेंमी, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ देणं, हे शेजारी उभ्या माणसाला डोळ्यांनी नीट मोजता येत नाही. त्यासाठी मोजून दाखवणारा पुतळा हवाच. तो फक्त धडाचा असला तरी चालतो. आमच्याकडे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी कमरेला बांधायचं मॉडेल आहे; एक सहकारी ते बांधून बाळंतिणीची भूमिका करते. ती घाबरते, 'माझं बाळ कुठंय?' विचारते, आणि सिस्टरला गर्भाशय चोळता चोळता तिच्याशी बोलावं लागतं. हे कुठल्याही यंत्राला जमणार नाही. माणसाने रुग्णाची भूमिका करून शिकवण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. तुम्हीही वापराच, खर्च नगण्य.

धागाकर्ती:
खूप आभार, मला हवे होते तेच मुद्दे मिळाले. एक अडचण उरते. वरिष्ठांना प्रत्येकीला गुण देऊन ते फाइलला लावायचे आहेत. शिवाय व्हिडिओही.

प्रतिसाद (सिम्युलेशन प्रशिक्षक):
गुण या सत्रांना अजिबात लावू देऊ नका. परीक्षा घ्यायची तर वेगळ्या दिवशी, आधी सांगून, ठरलेल्या निकषांवर. सराव आणि परीक्षा एकत्र केली की माणसं चूक लपवायला शिकतात. व्हिडिओ लेखी संमतीशिवाय नको. चर्चा झाली की पुसायचा, हे नियमात लिहून घ्या.

प्रतिसाद (फार्मसी):
कोणी म्हटलं नाही म्हणून लिहितो. सरावाची औषधं आणि सलाईन वेगळ्या कुलुपात ठेवा आणि प्रत्येकावर 'फक्त सरावासाठी' असं ठळक लेबल लावा. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षणासाठी बनवलेलं, निर्जंतुक नसलेलं सलाईन दवाखान्यांत पोचलं आणि खऱ्या रुग्णांच्या शिरेत गेलं. अनेकांना ताप आणि थंडी वाजून आली, काहींना रुग्णालयात भरती करावं लागलं. वॉर्डातच सराव घेणार असाल तर हा धोका आणखी वाढतो. सत्र संपल्यावर आणलेली प्रत्येक वस्तू यादीवरून मोजून परत न्यायची, पुतळ्याला लावलेली सुद्धा.

प्रतिसाद (आयसीयू इन्चार्ज):
अगदी खरं. त्याला जोडून: सराव चालू असताना शेजारच्या बेडवर खरी इमर्जन्सी आली तर काय म्हणायचं तो शब्द आधी ठरवा. आम्ही 'सराव बंद, पेशंट खरा' असं म्हणतो. आणि क्रॅश कार्टमधलं काहीही उघडलं असेल तर ती भरून, सील लावून झाल्याशिवाय चर्चेला बसू नका.