शब्दचर्चा: ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत ‘वैशिष्ट्यं’ येतात की ‘सोयी’?

परवा आत्याच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स या ब्राउझरची नवी आवृत्ती घेतली. जुनी फारच जुनी झाली होती. शेजारी बसून म्हटलं, ‘आत्या, आता यातली नवी वैशिष्ट्यं दाखवतो.’ ती म्हणाली, ‘वैशिष्ट्यं राहू दे रे, सोय काय झालीय ते सांग.’ तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

‘फीचर’ला आपण डोळे मिटून ‘वैशिष्ट्य’ म्हणतो. पण वैशिष्ट्य म्हणजे ज्यामुळे एखादी गोष्ट चारचौघींत वेगळी उठून दिसते ते. २००४ साली फायरफॉक्स १.० आला तेव्हा टॅब, म्हणजे एकाच खिडकीत अनेक पानं उघडी ठेवता येणं, हे त्याचं खरोखर वैशिष्ट्य होतं, कारण त्या वेळी घरोघरी असलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये टॅब नव्हते. २००६ मध्ये एक्सप्लोरर ७ मध्येही ते आले आणि वैशिष्ट्य संपलं. टॅब राहिले, पण सोय म्हणून. मग आवृत्ती बदलल्यावर जे नवं हाती येतं त्याला सरसकट ‘वैशिष्ट्य’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. ‘सुविधा’ही तितकासा पटत नाही. नागरी सुविधा, वाहनतळाची सुविधा, असा तो कुणीतरी पुरवलेल्या गोष्टीचा शब्द आहे. राहण्याजेवणाची होते ती सोय. शिवाय तिला ‘गैरसोय’ हा हुकमी विरुद्धार्थी शब्द आहे आणि नव्या आवृत्तीत त्याचीही गरज पडतेच.

तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद १

‘सोय’ पटलं, पण सगळीकडे चालणार नाही. मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीतल्या दोनच गोष्टी घ्या. एक, उभे टॅब: वरच्या पट्टीऐवजी टॅबांची यादी डाव्या कडेला. ही उघड सोय, वीस टॅब उघडे असले तरी प्रत्येकाचं नाव वाचता येतं. दुसरी, पत्ता टाकल्यावर ब्राउझर आधी सुरक्षित जोडणी करून बघतो आणि ती जमली नाही तरच साध्या जोडणीवर येतो. ही वापरणाऱ्याला दिसतही नाही. तिला सोय कसं म्हणणार? मी ‘तरतूद’ म्हणेन. तरतूद आधीच करून ठेवलेली असते आणि वेळ आली की उपयोगी पडते.

प्रतिसाद २

तरतूद! फार नेमका शब्द, वाखु (वाचनखूण) साठवली.

मला क्रियापदांची जास्त काळजी आहे. ‘टॅब पिन करणे’ला, म्हणजे तो पट्टीच्या सुरुवातीला कायमचा ठेवण्याला, सरळ ‘टाचणे’ म्हणावं. टाचणी आपल्या घरातलीच आहे. टाचलेला टॅब, टाचण काढणे, काही अडत नाही. खरी पंचाईत जून २०२५ च्या १४० व्या आवृत्तीपासून झाली आहे. टॅबवर उजवी टिचकी मारून तो ‘अनलोड’ करता येतो: टॅब जागेवरच राहतो, पण त्याने अडवलेली मेमरी मोकळी होते आणि पुन्हा टिचकी मारली की पान नव्याने उघडतं. ‘उतरवणे’ म्हणायला गेलं तर तो शब्द आपण कधीच डाउनलोडला देऊन बसलोय. ‘बंद करणे’ तर साफ चूक. ‘निजवणे’ कसं वाटतं? मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये अशा टॅबांना झोपलेलेच म्हणतात, पण मराठीत ‘निजवणे’मध्ये आपण होऊन केल्याचा अर्थ येतो आणि इथे तोच हवा आहे.

मूळ धागाकर्ता

‘निजवणे’ घेतलं. काल आत्याला फोनवर सांगितलं, ‘तो बातम्यांचा टॅब निजव,’ आणि तिने पुढचं काहीही न विचारता केलं.

‘तरतूद’ही मान्य. म्हणजे दिसते ती सोय, न दिसता राखण करते ती तरतूद, आणि ‘वैशिष्ट्य’ फक्त दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरात नसेल त्यालाच. ही विभागणी लावली तर टॅबांच्या गटांना वैशिष्ट्य म्हणता येत नाही. २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये ते एका वेगळ्या रूपात होते, २०१६ मध्ये काढले गेले. २०२० मध्ये क्रोमने आपले गट आणले आणि फायरफॉक्समध्ये ते एप्रिल २०२५ मध्ये परतले. सोय म्हणून मात्र अव्वल: एक टॅब ओढून दुसऱ्यावर नेला की गट होतो, त्याला नाव आणि रंग देता येतो. आत्याने तीन केलेत. ‘बँक’ निळा, ‘भिशी’ हिरवा आणि ‘नंतर वाचू’ पिवळा.

आता एक राहिलं. मी ‘तो टॅब’ म्हणतो, आत्या ‘ती टॅब’. मी पट्टीचा तुकडा डोळ्यांपुढे ठेवत असेन, ती बहुतेक खिडकी. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद ३

आमच्याकडे ‘तो’. पण ‘विंडो’ मात्र ‘ती’, त्यामुळे ‘टॅब’ तिच्या संगतीने स्त्रीलिंगी होत असावा. आत्यांना विचारा, त्या मुलांच्या हातातल्या टॅबलाही ‘ती’च म्हणतात का?