घरकामवाल्यांनी युनियनचं मेंबर व्हावं का? भीती वाटते

चारघरवाली: मी चार घरी धुणीभांडी करते, एकीकडे स्वयंपाक पण. ओळखीची एक ताई कधीपासून मागे लागलीय युनियनची मेंबर हो म्हणून. वर्गणी फार नाहीये पण एका मॅडमना कळलं तर काम जाईल, आधीच्या बाईला त्यांनी "तू आता पुढारी झालीस" म्हणून काढलेलं. खरंच फायदा होतो की नुसते मोर्चे? जी मेंबर असेल तिने खरं सांगा

जुनी मेंबर: आठ वर्षं झाली मला. युनियनमुळे पगार वाढला असं छातीठोक नाही सांगणार. पण एका घरी अंगठी सापडेना आणि आळ माझ्यावर, तेव्हा युनियनच्या दोघी माझ्यासोबत त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की तक्रार करायची तर करा आम्ही पण चौकीला येतो, पण हिचा राहिलेला पगार आज द्या. पगार मिळाला, काम गेलं. अंगठी नंतर घरातच सापडली म्हणे, सॉरी कोणी म्हटलं नाही.

मीपण होते: मी सोडली बाई. पावती कधी वेळेवर नाही, मोर्चाच्या आदल्या दिवशी मात्र बरोबर फोन. दोन महिन्यांचे पैसे अडकले तेव्हा "बघतो" म्हणाले ते अजून बघतायत 😄 स्टेजवर बोलणारे सगळे पुरुष, भांडी घासणारी एक नाही

संध्याकाळची मिटिंग: म्हणूनच आधी विचारायचं, कमिटीत घरकाम करणाऱ्या किती आणि हिशोब कोण दाखवतं. फॅक्टरीत सगळे एका गेटमधून आत जातात, आपल्यात प्रत्येक घर म्हणजे वेगळी कंपनी, संप करणार कुणाविरुद्ध? आम्ही ठरवलं की एकीला काढलं तर तिच्या जागी आमच्यातलं कोणी कमी पैशात जायचं नाही. तरी दोघी गेल्याच, एकीच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, तिला काय बोलणार. पण सुट्टी मागायची तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात मागायची हे जमलं, मग कोणी एकटी पुढारी ठरत नाही. हक्काचं म्हणाल तर आयएलओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ नंबरचा करार केलाय, त्यात संघटनेचा हक्क आणि आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे, पण ज्या देशाने मंजूर केला तिथंच बंधनकारक. पहिला मंजूर केला दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाने. तिथं २००८ मध्येच घरकामगारांची युनियन आणि गृहिणींची संघटना समोरासमोर बसून पगाराचा करार करून मोकळ्या झाल्या, मॅडम लोकांची पण संघटना बघा!

चारघरवाली: मेंबर झाले हे मॅडमना सांगावं लागतं का?

जुनी मेंबर: कशाला सांगायचं. आधी दोन मिटिंगा नुसतं बसून ऐक. आणि एक वही कर, चारही घरांची, तारीख, खाडे, उचल सगळं लिही. त्या दिवशी दारात माझी वहीच कामाला आली, त्यांना तर मी कधीपासून येते ते पण आठवत नव्हतं.