मदत हवी आहे: 'स्क्रॅम्बल' रोजच्या वाक्यात कसं वापरायचं?

मंडळी, इंग्रजीतल्या 'स्क्रॅम्बल' या क्रियापदाने डोकं खाल्लंय. वाचताना कळतं, पण स्वतःच्या वाक्यात बसवायला गेलं की हात आखडतो.

हातापायांनी धडपडत खडक चढणं, हा अर्थ सोपा: 'वी स्क्रॅम्बल्ड अप द रॉक्स'. अंड्यांचा तर सगळ्यांनाच माहीत. लढाऊ विमानं तातडीने उडवायची तरी हाच शब्द. १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई लढाईत वैमानिकांना हाच हुकूम मिळायचा. आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या काळात युरोपीय सत्तांची आफ्रिका बळकावण्यासाठी जी झुंबड उडाली, ती 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका'. म्हणजे घाई आणि ओढाताण, दोन्ही आलं.

माझं घोडं अडतं ते 'टू' आणि 'फॉर'पाशी. 'दे स्क्रॅम्बल्ड फॉर सीट्स' आणि 'दे स्क्रॅम्बल्ड टू गेट सीट्स', दोन्ही बरोबरच असावीत. पण पहिल्यात एकमेकांशी चढाओढ जास्त जाणवते का?

आणि मुख्य म्हणजे, साहेबांना मेल लिहिताना 'आय ॲम स्क्रॅम्बलिंग टू फिनिश द रिपोर्ट' चालेल? मला त्यात ऐनवेळी तारांबळ उडाल्याचा कबुलीजबाब ऐकू येतो, जो साहेबांपर्यंत न पोचलेला बरा! 'रशिंग' लिहावं तर फारच मिळमिळीत वाटतं.

रोज इंग्रजीत काम करणाऱ्यांनी दोन-चार वाक्यं द्याल का? शब्दकोशातली नकोत, तुम्ही खरंच बोलता तशी.