अनुभव धागा: कॉन्व्हेंटच्या मुलींनो, लिहा गं

कालच्या गप्पांत सिस्टर, हाऊसचे रंग, स्कर्टची लांबी असं बरंच निघालं म्हणून वेगळा धागा काढतेय. ख्रिश्चन असा-नसा, कॅथलिक शाळेत वाढलेल्या सगळ्यांनी लिहा. शाळेचं नाव मात्र नको.

*
पुणे कॅम्प, ऐंशीचं दशक. टिकली, बांगड्या, मेंदी सगळं बंद, त्यामुळे नागपंचमीनंतर चार दिवस आमचे हात पाठीमागे. गुडघ्यावर बसवून स्कर्ट जमिनीला टेकतो का बघायचे. मराठी बोललं की दंड, आणि सिस्टर केरळच्या, त्या आपसात बिनधास्त मल्याळम बोलायच्या, त्यांना कोण दंड करणार!

*
दंडाला +१. मी परीक्षेआधी चॅपलमध्ये मेणबत्ती लावायचे आणि घरी येऊन अथर्वशीर्ष, दोन्हीकडे सेटिंग :)

*
मी वसईची, कुपारी (तिथल्या कॅथलिक समाजातली), त्यामुळे जरा वेगळं सांगते. आमची शाळा चर्चचीच पण मराठी माध्यम, बाहेरच्यांना हे खरंच वाटत नाही. घरी कादोडी (आमची कुपारी बोली), शाळेत पुस्तकी मराठी, आणि आमचं "घरचं" बोलणं तोंडातून निसटलं की वर्ग हसायचा. आजीच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची मोठी धर्मसभा, १९६२-६५) मराठी आली, म्हणजे मी प्रार्थना मराठीतच शिकले. पुढे मुंबईत कॉलेजला गेले तर पहिला प्रश्न, "तू ख्रिश्चन ना, मग मराठी इतकं चांगलं कसं?" आमच्या वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्या सगळ्यांना बातमी फॉरवर्ड केली, खोटं कशाला बोलू.
आणि एक, तुम्हाला मॉरल सायन्स होतं, आम्हाला कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण. तुम्ही गोष्टी ऐकायच्या, आम्ही पाठांतर. रविवारी मिस्सा चुकली तर सोमवारी सिस्टर विचारणार, तुम्ही सुटलात.

*
नाशिक. मला पाळीबद्दल पहिल्यांदा नीट कोणी सांगितलं असेल तर एका सिस्टरने. सातवीच्या मुलींना हॉलमध्ये बसवलं, फळ्यावर गर्भाशय काढलं, न लाजता सगळं समजावलं. घरी फक्त "कावळा शिवला". तीच सिस्टर मुलांच्या शाळेसमोर उभं राहिलं म्हणून पालकांना बोलवायची, हेही लिहायला हवं.

*
@वसई, कादोडीत दोन ओळी लिही ना इथे, कोणी हसणार नाही.