फिनलंडची आई राहून गेली

नॉर्डिक लोकसंगीतातली मातृदेवता म्हणजे फ्रेया आणि फ्रिग या जुन्या नॉर्स देवी, असं म्हटलं जातं. स्कँडिनेव्हियापुरतं ते पटतं, पण फिनलंडची आई राहूनच गेली. तिथल्या रूनगीतांत, म्हणजे तोंडी जपलेल्या जुन्या कथागीतांत, लेम्मिन्काइनेन या मारल्या गेलेल्या वीराची आई लांब दाताळं घेऊन तुओनेला या मृतांच्या लोकातल्या नदीत उतरते, मुलाच्या देहाचे तुकडे ओढून काढते, एकेक सांधते, आणि मग मधमाशीला मलमासाठी मध आणायला पाठवते. ती देवी नाही, साधी आई आहे. मला तरी कुठल्याही देवीपेक्षा तीच मोठी वाटते.

आणि ही गाणी जपणाऱ्या बायकांचंही आयुष्य बघा. सेंट पीटर्सबर्गभोवतीच्या इंग्रिया प्रदेशातली गायिका लारिन पारास्के (१८३३–१९०४) हिला नऊ मुलं झाली, त्यातली तीनच मोठी झाली. पोटासाठी तिने सेंट पीटर्सबर्गमधली अनाथ मुलंही सांभाळली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, तरी आदोल्फ नेओविउस या पाद्र्याने तिच्याकडून ३२,००० हून जास्त ओळी उतरवून घेतल्या. फिनिश संगीतकार सिबेलियसने १८९१ मध्ये फिनलंडमधल्या पोर्वो गावी तिचं गाणं प्रत्यक्ष ऐकलं होतं. रूनगीतं ऐकायची असतील तर आधी नुसत्या आवाजातली किंवा कांतेले या पाच तारांच्या फिनिश वाद्यावरची ऐका. चार-पाच सुरांतच सगळं फिरतं, आठ अक्षरांची ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि मूल थोपटत असल्यासारखी लय अंगात उतरते.