प्रतिसाद: ए, ई, आर असलेले पाच अक्षरी शब्द

ए, ई आणि आर (A, E, R) असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द मुलांना कसे शोधायला शिकवायचे, असा प्रश्न आहे. वर एकाने 'ॲपमध्ये अक्षरं टाका, यादी येते' असं सुचवलंय. यादी येईल हो, पण मुलांच्या हाती काय लागणार?

मी सांगलीत विश्रामबागला सातवी-आठवीच्या मुलांना शिकवते. मी अक्षरांच्या जोड्यांपासून सुरुवात करते. शेवटी ई-आर ठेवा: वॉटर, पेपर, लेटर (later, म्हणजे 'नंतर'). शेवटी ए-आर-ई: शेअर, स्टेअर. शेवटचा ई मुका, ए मध्ये: ग्रेप, ब्रेव्ह, ट्रेड. मग ई-ए शेजारी-शेजारी. इथे खरी मजा आहे, कारण ब्रेड, ग्रेट, हार्ट, क्लिअर या चौघांत तीच जोडी आणि उच्चार चार तऱ्हेचे! इथे घाई करू नका, मुलांना मोठ्याने वाचू द्या. स्पेलिंग तिथेच पक्कं होतं.

ही तीन अक्षरं सोपीच आहेत म्हणा, कारण ती वारंवार येतात. इंग्रजी स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळाच्या 100 सोंगट्यांत ई 12, ए 9 आणि आर 6 असतात.

पडताळायला एक्सेल पुरे. शब्दयादी एका कॉलममध्ये घ्या, टेक्स्ट फिल्टरमध्ये 'इक्वल्स' निवडून दोन प्रश्नचिन्हं, ई-ए, पुन्हा एक प्रश्नचिन्ह टाका. एक प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. ब्रेड, ग्रेट, क्लिअर येतील, हार्ट नाही. त्यासाठी सुरुवातीला एक आणि शेवटी दोन प्रश्नचिन्हं. आर नसलेले शब्दही येतील, ते मुलांनाच गाळायला सांगा.